पट्टीवरची मधली ओळ

चौथा स्क्रू फिरेना. पट्टीवाल्याने संगणकाचं कॅबिनेट आडवं पाडलं, गुडघ्याने दाबून धरलं आणि अंगाचं सगळं वजन मनगटावर टाकलं. स्क्रू कुरकुरला आणि एकदम सैल पडला. चारही स्क्रू त्याने शर्टाच्या खिशात टाकले, बाजूचा पत्रा मागे सरकवून सोडवला आणि भिंतीला टेकवून ठेवला. आतली धूळ पाहून तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून एक तळहात वर आला.

"आता बोलू नका," दारात उभे असलेले यजमान दबक्या आवाजात म्हणाले. "मोजतेय. घराला आग लागली तरी आकडा पुरा झाल्याशिवाय ही बादली उचलायची नाही."

खुर्चीतल्या ताईंनी लक्ष दिलं नाही. मांडीवर एक पांढरा रुमाल होता, रुमालाच्या कोपऱ्यात नखाएवढी गुलाबी कळी होती आणि ताईंचे ओठ हलत होते. थोड्या वेळाने हात खाली आला.

"एकशे अठरा," असं म्हणून त्यांनी वहीत आकडा टिपला. "हं, बोला भाऊ. काय म्हणत होतात?"

"काही नाही. टॉर्च मिळेल का?"

"अहो, टॉर्च द्या ना त्यांना."

यजमान वळले, तसा ताईंनी हात लांब करून त्यांच्या पाठीवरचा लाल दोरा चिमटीत उचलला. हात आपोआपच गेला होता. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्याही अंगावर दोरा, धागा, लव असं काही दिसलं की ताईंना राहवत नसे.

"छत्तीस वर्षं निवडतेय मला," यजमान आत जाता जाता म्हणाले. "अजून खडे संपत नाहीत."

पट्टीवाला हसला. हसताना त्याचं लक्ष कॅबिनेटमध्येच होतं. रॅमसाठी, म्हणजे संगणकाला काम करताना लागणाऱ्या मेमरीसाठी, दोन खाचा होत्या. एकीत रॅम होती, दुसरी रिकामी होती. रिकाम्या खाचेत धूळ अशी दाटून बसली होती, की तिथे कधी काही होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता. त्याचा जीव थोडा भांड्यात पडला.

त्याचं खरं नाव गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं, आणि विचारायची गरजही कुणाला पडली नव्हती. तो पट्टीवाला होता. संगणक जोडून दिला की पत्र्याच्या आतल्या बाजूला तो कापडी पांढरी चिकटपट्टी लावायचा आणि तिच्यावर तारीख घालून लिहायचा, काय काय बसवलं. नंतर जेव्हा जेव्हा कॅबिनेट उघडेल, तेव्हा तेव्हा एक ओळ वाढायची. काय घातलं, काय काढलं. शिवाय काढलेला भाग, मग तो जळलेला का असेना, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. या दोन नियमांवर त्याचं नाव झालं होतं. दुसरे दुरुस्तीवाले हसायचे. आपली चोरी आपल्याच अक्षरात लिहून ठेवायची हौस कुणाला, असं त्यातला एकजण म्हणालाही होता.

ताईंचा फोन आला, तेव्हापासून पट्टीवाल्याची झोप उडाली होती. मुलीने कुरिअरने एक खोकं पाठवलंय, त्यात आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि नवी वेगवान डिस्क, एसएसडी, आहे, तेवढं बसवून द्याल का, असं त्यांनी विचारलं होतं. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा कुणी येऊन ते कॅबिनेट उघडण्यापेक्षा आपण गेलेलं बरं, असा हिशोब त्याने केला होता. जुनी एक काढायची, नव्या दोन बसवायच्या, पत्रा लावायचा. झाकली मूठ झाकलेलीच राहील. पाहिजे तर मजुरीही घ्यायची नाही.

टॉर्च आला. त्याने तो लावून प्रकाश आत टाकला, आणि प्रकाशाचा एक तुकडा भिंतीला टेकवलेल्या पत्र्यावर पडला. पत्र्यावर पट्टी होती.

जगभराच्या पट्ट्या लावणारा माणूस ही एक पट्टी विसरून आला होता.

दोन ओळी होत्या. पहिलीत नऊ वर्षांपूर्वीची तारीख, आणि पुढे 'रॅम ४ + ४, डिस्क ५००.' तेव्हाचं त्याचं अक्षर बरं होतं. त्यानंतर सहा महिन्यांची दुसरी तारीख होती, आणि तिच्यापुढे एवढंच, 'पंखा साफ केला.' शाई फिकट झाली होती, पण चष्मा लावला तर कुणालाही वाचता आलं असतं.

ताईंची पाठ होती. त्या रुमालाची घडी घालत होत्या. पट्टीवाल्याने पत्रा पुसायच्या निमित्ताने जवळ ओढला, नखाने पट्टीचं टोक उचललं आणि ती सावकाश सोलून काढली. उन्हाळ्यांनी तिचा डिंक मऊ झाला होता, बोटाला चिकटला. त्याने ती पुसायच्या कापडाच्या घडीत दडवली आणि कापड बाजूला ठेवलं. मग केबल शोधायला तो त्याच कापडावर कोपर टेकून पुढे वाकला. पन्नाशीला आलेल्या माणसाने असं काही करावं, याची त्याला इतकी लाज वाटली की क्षणभर हातातलं कामच सुचेना.

दुसऱ्या ओळीतल्या तारखेला, त्या शनिवारी, तो या घरी पंख्याचा आवाज बंद करायला आला होता, एवढंच. तो निघायच्या बेतात असताना एका दवाखान्यातून फोन आला होता. तिथला संगणक बंद पडला होता आणि बाहेर पेशंटांची रांग लागली होती. रॅम गेली असणार, हे त्याने फोनवरच ओळखलं. दुकानं सोमवारपर्यंत बंद होती. ताई आत कुणाशी तरी बोलत होत्या आणि समोर उघड्या कॅबिनेटमध्ये दोन रॅम होत्या. दोन दिवसांचाच प्रश्न आहे, सोमवारी आणून लावू, यांना कळणारही नाही. त्याने एक काढून खिशात घातली. पट्टीवर 'पंखा साफ केला' असं लिहिलं आणि पेन बंद केलं.

सोमवारी माल आला नाही. गुरुवारी आला, तो दुसऱ्याच कुणाच्या तरी मशीनमध्ये गेला. मग महिना झाला. आता परत द्यायची तर आधी सांगावं लागणार होतं, आणि सांगायचं तर इतके दिवस का थांबलात हेही सांगावं लागणार होतं. आज नाही उद्या करता करता एका लहानशा तुकड्याचं मोठं ओझं झालं. नंतर तर या गल्लीतून जायची वेळ आली की तो पलीकडच्या रस्त्याने जायचा.

"ही जुनी घ्या ताई," त्याने खाचेतली रॅम काढून त्यांच्या हातात दिली. "चार जीबीची आहे. आपला नियम आहे."

"माहितेय की," ताई कौतुकाने म्हणाल्या. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात एका कडेला ठेवून दिली. "एवढ्याशा तुकड्यावर माझं घर चाललं म्हणायचं."

नव्या रॅम खाचेत टक् टक् करून बसल्या. एसएसडीला केबल लागली. त्याने संगणक चालू केला आणि जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. पडद्यावर एक हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. सव्वा तास लागेल असं तिथे लिहून आलं. त्याला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि बसून राहण्यावाचून इलाज नव्हता.

यजमानांनी चहा आणला.

ताईंचं काम असं होतं, की भरतकामाच्या कारखान्यातल्या मोठ्या मशीनसाठी त्या संगणकावर नक्ष्या तयार करायच्या. सुई कुठून शिरायची, कुठे निघायची, कुठला रंग कधी बदलायचा, हे सगळं टाक्याटाक्याने आखून द्यायचं. मग मशीन डोळे मिटून तेवढंच करतं. एक टाका चुकला तर हजार रुमालांवर चुकतो. म्हणून ताई पहिला नमुना घरी मागवून स्वतः मोजायच्या, आणि म्हणून कारखान्यात त्यांचा शब्द चालायचा.

"तिथे हिला कळीवाल्या बाई म्हणतात," यजमान खुर्ची ओढून बसत म्हणाले. "रुमालाचा कोपरा, खिशावरची कळी, टोपीवरचा बिल्ला. तळहातापेक्षा मोठं काही घेतच नाही. आणि त्याचं श्रेय भाऊ, तुम्हाला."

पट्टीवाल्याचा कप ओठांजवळ थांबला.

"तुमचं ते वाक्य आमच्या घरात चौकटीत लावायचं तेवढं बाकी आहे. मुलीला काही महाग हवं असलं, मला कुठे लांब फिरायला जायचं असलं, की ही लगेच म्हणणार, भाऊ काय म्हणाले होते? अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"चेष्टा नको," ताई म्हणाल्या. "खरंच सांगते भाऊ, तुम्ही तेव्हा स्पष्ट बोललात ते फार बरं केलंत. मी पेटले होते नुसती. आठवतं तुम्हाला? नाट्यगृहाच्या पडद्याचं काम होतं."

"आठवतं," तो म्हणाला.

न आठवून कसं चाललं असतं? पंख्यानंतर दोनेक महिन्यांनी ताईंचा फोन आला होता. आवाजात नुसता उत्साह होता. नाट्यगृहाच्या मुख्य पडद्यावर एक मोठं झाड भरायचंय, एक्केचाळीस पक्षी, एकासारखा दुसरा नाही. पण सव्विसाव्या पक्ष्यापाशी आलं की संगणक गोठतो. तुम्ही एकदा येऊन बघाल का? त्या दिवशी पट्टीवाल्याच्या फळीवर तशाच दोन रॅम पडल्या होत्या. उचलून नेली असती एक, तरी सगळं मिटलं असतं. पण ताई शेजारी उभ्या राहून बघणार, रिकामी खाच दिसणार, त्या विचारणार. तो म्हणाला होता, "ताई, हा घरगुती संगणक. एवढं मोठं त्याला झेपायचं नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने. छोटी कामं घ्या."

अंथरूण त्यानेच कापून नेलं होतं.

"मी आठवडाभर रडले," ताई हसत सांगत होत्या. "मग स्वतःलाच म्हटलं, बाई गं, मोठं काम हा आपला पिंडच नाही. नाट्यगृहवाल्यांनी नंतर दोनदा विचारलं. मी नाहीच म्हटलं. मग विचारायचे थांबले ते. पण सुखात गेलं बघा सगळं. कळ्या काय वाईट असतात का?"

"नाही," पट्टीवाला म्हणाला.

"कळ्याच शोभतात मला," असं म्हणून ताईंनी रुमाल डब्यात ठेवला.

त्यांनी आरडाओरडा केला असता, पोलिसांत जाईन म्हटलं असतं, तरी त्याला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं. शिव्या खायची तयारी करून आलेल्या माणसाला इथे आभार मिळत होते. त्याने कप खाली ठेवला आणि विनाकारण केबल हलवून बघितली. हिरवी रेघ अर्ध्यावर आली होती.

उरलेला वेळ यजमान एकटेच बोलत होते. हा संगणक सुरू व्हायला किती वेळ घेतो, बटण दाबून ते चहाचं आधण ठेवतात, चहा उकळून, गाळून, कप घेऊन येईपर्यंत तो कसाबसा तयार होतो, असं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. रोजचा सकाळचा चहा संगणकामुळेच वेळेवर होतो, अशी त्यांची तक्रार होती की कौतुक, ते कळत नव्हतं. पट्टीवाला हो हो म्हणत होता.

रेघ पूर्ण झाली. त्याने संगणक बंद केला, जुनी डिस्क काढून ताईंना दिली, पत्रा बसवला, चारही स्क्रू लावले. चौथा पुन्हा अडला. मग कॅबिनेट उभं करून त्याने बटण दाबलं.

"ठेवतो आधण," यजमान उठत म्हणाले. दोन पावलं गेले असतील नसतील, तोवर पडदा उजळला आणि ताईंच्या रोजच्या फायली समोर येऊन उभ्या राहिल्या.

"एवढ्यात?" यजमान वळून बघत राहिले. "मग आता मी चहा कधी करायचा?"

ताई हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्या बसल्या. आधी त्यांनी रुमालाची कळी उघडली, ती टिचकीसरशी उघडली. मग बिल्ला, मग एक वेल. नंतर त्यांचा हात माउसवर थांबून राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं, एकदा यजमानांकडे आणि एकदा पट्टीवाल्याकडे.

"भाऊ, ते झाड अजून आहे यात. उघडेल का हो?"

"उघडेल."

"अडकून पडलं तर? नव्या वस्तूला पहिल्याच दिवशी—"

"नाही अडकणार ताई."

त्यांनी उघडलं. पडद्यावर आधी खोड आलं, मग फांद्या, मग पानं, आणि मग पक्षी, एकामागून एक, भराभर. सव्वीस पक्षी. त्यांच्या पलीकडच्या फांद्या मोकळ्या होत्या. ताईंनी झाड जवळ आणलं, लांब नेलं, वर सरकवलं, खाली सरकवलं. ते हाताबरोबर हलत होतं. एका पक्ष्याच्या पंखातला एक टाका त्यांनी उचलला आणि जरासा तिरपा करून ठेवला. संगणक तसूभरही अडखळला नाही.

"हा सव्विसावा," त्या म्हणाल्या. "हा मी सात वेळा मोडून केला होता. मला वाटायचं, मीच टाके जास्त टाकतेय. मलाच जमत नाहीये."

त्यांनी तो पक्षी पडदाभर मोठा केला.

"म्हणजे मला येत होतं," ताई म्हणाल्या. हे त्या कुणाला सांगत नव्हत्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या.

पट्टीवाला घाईघाईने सामान भरू लागला. स्क्रूड्रायव्हर, ब्रश, कापड. कापडाची घडी उलगडून बघायचा धीर त्याला झाला नाही. बॅगेची चेन लावून तो उभा राहिला.

"निघतो ताई. मजुरी काही नको. मुलीने एवढं पाठवलंय, माझ्याकडून एवढं तरी असू दे."

"असं कसं? थांबा," म्हणत ताई उठल्या. त्या त्याच्यासमोर आल्या, आणि त्यांचा हात आपोआप त्याच्या उजव्या बाहीकडे गेला. कोपराजवळ काहीतरी लोंबत होतं. त्यांनी ते चिमटीत धरून ओढलं.

"काय हो हे घेऊन निघालात?"

पट्टी होती. ताईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पट्टी खिडकीच्या उजेडात धरली.

"तुमचंच अक्षर आहे," त्या कौतुकाने म्हणाल्या. "आपल्या संगणकाची दिसतेय. तारीख बघा, घेतला तेव्हाची. रॅम चार अधिक चार, डिस्क पाचशे. मग पंखा साफ केला." त्या थांबल्या. मग टेबलापाशी गेल्या, रिळांचा डबा उघडला आणि आतला तुकडा बाहेर काढला. जन्मभर मोजणाऱ्या बाईला दोनातून एक वजा करायला किती वेळ लागणार?

"भाऊ, ही तर एकच आहे."

"लिहिताना चूक झाली असेल गं," यजमान चटकन म्हणाले. त्यांचा स्वर मोकळा होता. "नाहीतर ती एकच चार नि चार मिळून असेल. काय हो?"

नुसती मान हलवायची होती. मान हलवायला काहीच लागत नव्हतं. शिवाय गेली साडेआठ वर्षं तयार करून ठेवलेलं एक वाक्यही जिभेच्या टोकावर होतं. दुसरी जळाली होती ताई, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. पट्टीवाल्याने तोंड उघडलं. ताईंच्या खांद्यावरून त्याला झाड दिसत होतं. उजवीकडच्या सगळ्या फांद्या रिकाम्या होत्या.

"चूक नाही झाली," तो म्हणाला. "दोन होत्या. दुसरी मी नेली."

ताईंनी चष्मा काढला नाही.

"कधी?"

"पंखा साफ केला, त्या दिवशी. एका दवाखान्याचं काम अडलं होतं. सोमवारी आणून लावणार होतो."

"कुठल्या सोमवारी?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. पट्टीवाल्याने खाली बघितलं. फरशीवर त्याच्या बॅगेशेजारी धुळीचा एक पुंजका राहिला होता.

"मी झाडासाठी फोन केला, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"हो."

"मग? तशी दुसरी नव्हती तुमच्याकडे?"

नव्हती म्हटलं असतं, तर त्यांनी विश्वास ठेवला असता. त्यांचा आवाज तसा होता. त्यांना ते उत्तर चाललंही असतं कदाचित.

"होती. दोन होत्या, फळीवर."

यजमानांनी टेबलावरचे कप गोळा केले. एका कपात अर्धा चहा तसाच होता. ते आत गेले, पण आतून कप विसळल्याचा आवाज आला नाही.

ताईंनी पट्टीची चिकट बाजू बोटाने चाचपली. मग त्यांनी विचारलं, "ही कुठे लावलेली असते?"

"आत. पत्र्यावर."

"मग तिथे लावा."

तो पुन्हा खाली बसला. वायर काढली, स्क्रू काढले, पत्रा मांडीवर घेतला. पट्टी आता नीट चिकटेना, टोकं वर येत होती. ताईंनी न बोलता कात्री आणि त्यांची स्वतःची पारदर्शक टेप पुढे केली. त्याने टोकं दाबून बसवली, पेन काढलं आणि तिसरी ओळ लिहिली. आजची तारीख. रॅम ८ + ८. एसएसडी. जुनी रॅम आणि डिस्क ताईंकडे.

"झालं," तो म्हणाला.

"नाही झालं. मधली ओळ अर्धी आहे."

'पंखा साफ केला' याच्यापुढे दोन बोटं जागा होती. तेवढ्यात मावेल असं बारीक अक्षर काढून त्याने लिहिलं, 'एक रॅम नेली.' जागा संपली. दवाखाना, पेशंटांची रांग, बंद दुकानं, सोमवार, यातलं काहीच तिथे मावलं नसतं. फोनवर बोलला ते वाक्यही मावलं नसतं, आणि खरं तर तेच लिहायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. शाई वाळेपर्यंत तो फुंकर घालत राहिला.

ताईंनी पत्रा हातात घेऊन तिन्ही ओळी वाचल्या. परत देताना त्यांची बोटं पत्र्याच्या कडेलाच होती. त्याने स्क्रू लावले, वायर जोडली, बटण दाबलं आणि झाड पुन्हा उघडून दिलं. त्या खुर्चीत बसल्या. चष्मा वर सारून त्या पडद्याजवळ सरकल्या आणि सव्विसाव्या पक्ष्याच्या पुढची फांदी त्यांनी मोठी करून घेतली.

पट्टीवाला त्यांच्या मागे बॅग धरून उभा होता. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं, पण काही न बोलता निघणं त्याच्या जिवावर येत होतं.

"ताई—"

तळहात वर आला.

तो थांबला. आकडा येईल, मग हात खाली येईल, मग त्या हं, बोला भाऊ, असं म्हणतील. यजमान आतल्या दारात येऊन उभे राहिले, पण या वेळी ते काही कुजबुजले नाहीत. ताईंचे ओठ हलत होते की नाही, ते मागून दिसत नव्हतं. पडद्यावर रिकाम्या फांदीवर पहिला टाका पडला, मग दुसरा, मग तिसरा.

हात खाली आला नाही. पट्टीवाल्याने बॅग खांद्याला लावली, उंबऱ्याबाहेर चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.